न दिसल्याची साक्ष

पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणे तसे सोपे असते. जो पाहून आला त्याच्याभोवती माणसे जमतात, त्याला प्रश्न विचारतात आणि त्याचे शब्द चार घरी पोहोचवतात. परंतु जो वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून पाहत राहिला आणि शेवटी 'तेथे मला काही दिसले नाही' एवढेच सांगायला परतला, त्याच्या वाट्याला काय येते? फार झाले तर थोडी कीव. बिचाऱ्याची उमेदीची वर्षे वाया गेली, असे आपण म्हणतो. या लेखात आम्हांला जो प्रश्न विचारायचा आहे तो हाच: प्रामाणिकपणे शोधून काही न सापडणे हे अपयश आहे काय? आणि 'सापडले नाही' असे सांगणे हाही सत्याप्रतीच्या कर्तव्याचा भाग असेल, तर ते कर्तव्य आपण कितपत पाळतो?

अशा प्रश्नाचा विचार नुसत्या तत्त्वांच्या आधारे केला तर तो लवकरच निसटून जातो. म्हणून आम्ही एक खरे उदाहरण घेत आहोत. ते आपल्या घरादारापासून दूरचे, थेट आकाशातले आहे. अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण विश्वात नेमके कोठून निघतात याचा शोध घेण्याचे हे शास्त्र आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा. आकाशातून आपण पुन्हा आपल्या अंगणातच उतरणार आहोत.

प्रारंभ १९१२ सालचा. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ व्हिक्टर हेस मोजमापाची उपकरणे घेऊन बलूनमधून आकाशात चढत असत. हवेत सर्वत्र आढळणारे एक भेदक प्रारण जमिनीतून येते, असा त्या काळचा समज होता. तसे असेल तर जसजसे उंच जावे तसतसे ते कमी व्हायला हवे. ७ ऑगस्ट १९१२ रोजी हेस ५ हजार मीटरांहून अधिक उंचीवर पोहोचले, तेव्हा ते कमी न होता चांगलेच वाढलेले आढळले. प्रारण वरून, अवकाशातून येत होते. विश्वकिरणांचा शोध तो हाच. त्यासाठी हेस यांना १९३६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेतील दुसरा प्रसंग मात्र क्वचितच सांगितला जातो. त्याच वर्षी एप्रिल महिन्यात सूर्यग्रहण लागले असताना हेस बलूनमधून वर गेले होते. प्रारण सूर्याकडून येत असेल, तर चंद्राने सूर्य झाकताच ते घटले पाहिजे, हा साधा विचार. ते घटले नाही. 'काही फरक आढळला नाही' एवढीच त्या दिवसाची नोंद. पण तिच्यामुळे सूर्याकडे दाखवलेले बोट खाली आले आणि शोधाची दिशा अधिक दूरच्या आकाशाकडे वळली. ऑगस्टमधील शोधाला एप्रिलमधील 'काही नाही'चा असा आधार होता. हेस हे कॅथलिक होते. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर त्यांना ग्राझ विद्यापीठातील पद गमवावे लागले, आणि न्यू यॉर्क येथील येशूसंघीयांच्या फोर्डम विद्यापीठात त्यांनी पुढील अध्यापन केले.

विश्वकिरण सापडले, पण त्यांचे उगमस्थान सापडेना. याचे कारण असे की हे किरण बहुतांशी विद्युत्‌भारित कण असतात. ताऱ्याताऱ्यांमधल्या अवकाशात पसरलेल्या चुंबकीय क्षेत्रांत ते वळत, भरकटत येतात. आपल्यापर्यंत पोहोचतात तेव्हा ते कोणत्या दिशेने निघाले होते याची खूण पुसली गेलेली असते. पाठवणाऱ्याचा पत्ता नसलेल्या पत्रासारखी त्यांची गत असते. परंतु जेथे असे कण प्रचंड वेग घेतात तेथे गॅमा किरणही निर्माण होतात, आणि त्यांवर विद्युत्‌भार नसल्यामुळे ते सरळ रेषेत येतात. त्यांची दिशा पकडता आली तर उगमाकडे बोट दाखवता येईल.

ही गोष्ट बोलायला जितकी सोपी तितकीच करायला कठीण. आपण ज्यांचा विचार करीत आहोत त्या गॅमा किरणांची ऊर्जा एक लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरात असते. म्हणजे आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या कणापेक्षा ती सुमारे ४० हजार कोटी पट अधिक. मात्र असे किरण अतिशय विरळ असतात. आकाशातील जो स्रोत सर्वांत स्थिर आणि ठळक म्हणून आज ओळखला जातो, त्या क्रॅब तेजोमेघाकडून या ऊर्जेचा एक किरण एका चौरस मीटर जागेवर सरासरीने दोन महिन्यांतून एकदा येतो. कृत्रिम उपग्रहावर ठेवलेल्या लहानशा उपकरणाने त्यांची वाट पाहत बसणे व्यर्थ होय.

मग मार्ग कोणता? मार्ग वातावरणानेच दाखवला. असा किरण हवेच्या वरच्या थरांत शिरला की त्यापासून कणांचा एक वर्षाव सुरू होतो, आणि हे कण हवेतून जाताना फिकट निळा प्रकाश टाकतात. त्याला चेरेन्कॉव्ह प्रकाश म्हणतात. हा लखलखाट सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरताच टिकतो. पण जमिनीवर तो सुमारे अडीचशे मीटर व्यासाच्या वर्तुळात पसरतो. त्या वर्तुळात कोठेही आरसा ठेवला तर तो टिपता येतो. १९५२ साली इंग्लंडमधील हार्वेल येथे गॅलब्रेथ आणि जेली या दोघा शास्त्रज्ञांनी एका कचऱ्याच्या डब्यात छोटा आरसा आणि प्रकाशाचे स्पंद मोजणारी एक नळी बसवून रात्रीच्या आकाशातील हे लखलखाट प्रथम पकडले. एका नव्या खगोलशास्त्राचे पहिले उपकरण कचऱ्याच्या डब्यात उभे राहिले, याचे आम्हांला कौतुक वाटते.

पण येथेच खरी अडचण उभी राहते. साधे विश्वकिरणही तसाच वर्षाव आणि तसाच लखलखाट निर्माण करतात, आणि एका गॅमा किरणामागे त्यांची संख्या हजाराच्या घरात असते. जत्रेच्या कोलाहलात एका लेकराची हाक ओळखावी, तसे हे काम. अशा ठिकाणी ऐकणाऱ्याचे कान फार प्रामाणिक असावे लागतात. कारण ज्याला हाक ऐकायचीच आहे, त्याला ती कोणत्याही गोंगाटात ऐकू येऊ शकते.

१९५९ साली कोक्कोनी या इटालियन शास्त्रज्ञांनी असे भाकीत केले की क्रॅब तेजोमेघ या किरणांत फार प्रखर दिसला पाहिजे. हा तेजोमेघ म्हणजे १०५४ साली चिनी ज्योतिर्विदांनी पाहिलेल्या एका स्फोट पावलेल्या ताऱ्याचा अवशेष. भाकिताने उत्साह संचारला. सोव्हिएत शास्त्रज्ञ चुडाकोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिमियात काळ्या समुद्राच्या काठी दीड-दीड मीटरचे १२ आरसे उभारले आणि १९६० नंतरची काही वर्षे क्रॅब व इतर स्रोतांकडे पाहण्यात घालवली. निष्कर्ष निघाला: काही नाही. त्यांनी तो जसाच्या तसा जाहीर केला. मात्र एका मोलाच्या वाक्यासह. त्यांनी 'तेथे काहीच नाही' असे म्हटले नाही. 'तेथे काही असेलच, तर ते अमुक इतक्यापेक्षा कमी आहे' असे म्हटले. शास्त्रज्ञ याला वरची मर्यादा म्हणतात. कोक्कोनींच्या मूळ कल्पनेप्रमाणे गोष्टी घडत नाहीत, हे त्या मर्यादेमुळे कळून आले.

सर्वांनाच एवढा संयम साधला नाही. पुढील दोन दशकांत या ना त्या स्रोताकडून किरण आल्याची अनेक वृत्ते प्रसिद्ध झाली. बहुतेक ठिकाणी संकेत अंधुक होता: निव्वळ योगायोगाने साडेसातशे वेळांत एकदा घडावा इतपत. साडेसातशेत एक म्हटले की गोष्ट खात्रीची वाटते. पण ज्याने दहा तारे पाहिले, प्रत्येकाचे अनेक हंगाम पाहिले आणि प्रत्येक हंगाम निरनिराळ्या पद्धतीने तपासला, त्याने नकळत शेकडो वेळा सोंगट्या टाकलेल्या असतात. त्यांतले एक दान मनासारखे पडले आणि तेवढेच त्याने जगाला दाखवले, तर तो खोटे बोलला काय? त्याचा प्रत्येक आकडा खरा असतो. तरीही जगापर्यंत पोहोचलेली गोष्ट खरी नसते.

सिग्नस एक्स-३ची कथा या दृष्टीने बोलकी आहे. हंस तारकासमूहातील हे एक जोडतारे. दोन्ही घटक ४.८ तासांत एकमेकांभोवती फेरी घालतात. १९८३ साली जर्मनीतील कील येथील शास्त्रज्ञांनी या दिशेकडून आणखी हजारपट ऊर्जेचे किरण येत असल्याचे जाहीर केले. इंग्लंडमधील दुसऱ्या गटाने दुजोरा दिला. मग इतरांनाही तेथे काही ना काही दिसू लागले. कोणी जमिनीखालच्या उपकरणांतही त्याची चाहूल लागल्याचे सांगितले. काही निरीक्षणे गॅमा किरणांच्या ज्ञात गुणधर्मांशी जुळेनात, तेव्हा एखादा नवाच कण अस्तित्वात असावा अशीही कल्पना पुढे आली. ते खरे मानून अधिक मोठी उपकरणे बांधली गेली. अमेरिकेतील यूटा येथे नोबेल पारितोषिक विजेते जेम्स क्रोनिन यांच्या पुढाकाराने १०८९ शोधकांचे विस्तीर्ण जाळे मांडले गेले. १९९०च्या दशकात या जाळ्याने कितीतरी अधिक बारकाईने वर्षानुवर्षे पाहिले आणि आधीच्या दाव्यांएवढा कोणताही संकेत आढळत नाही, असे नोंदवले.

यावरून कोणी पहिल्या दावेदारांना लबाड ठरवू नये. ते जाणते आणि कष्टाळू लोक होते. सिग्नस एक्स-३ हा स्रोतही सामान्य नव्हे. कमी ऊर्जेचे गॅमा किरण त्याकडून येतात हे २००९ साली फर्मी उपग्रहाच्या निरीक्षणांतून सिद्ध झाले. हंस तारकासमूहाच्या त्याच परिसराकडून आलेल्या अतिप्रचंड ऊर्जेच्या एका किरणाची नोंद चीनमधील ल्हासो वेधशाळेने २०२१ साली प्रसिद्ध केली. म्हणजे आकाशाचा तो भाग निर्जीव नव्हताच. प्रश्न तेथे काही असण्यानसण्याचा नव्हता. हातात होता तेवढ्या पुराव्यावर किती बोलावे, हा खरा प्रश्न होता. आमच्या मते नैतिक प्रश्न नेमका येथेच आहे. असत्य बोलणे आणि पुराव्यापेक्षा अधिक बोलणे यांतील अंतर आपण समजतो तेवढे मोठे नाही.

आता दुसरी बाजू पाहू. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात माउंट हॉपकिन्स येथे १९६८ साली १० मीटर व्यासाचा परावर्तक उभारला गेला. तेथे ट्रेव्हर वीक्स आणि त्यांचे सहकारी क्रॅबचा शोध घेत राहिले. एक वर्ष नव्हे, दोन दशके. त्यांच्या निरीक्षणाची एक रीत होती. जेवढा वेळ क्रॅबकडे पाहायचे, तेवढाच वेळ आकाशाच्या ज्या तुकड्यात कोणताही ज्ञात स्रोत नाही अशा तुकड्याकडे पाहायचे. तेही आकाशाच्या त्याच उंचीवरून, त्याच मार्गाने. मग एकातून दुसरे वजा करायचे. विचार केला तर ही रीत थक्क करणारी आहे. चांदणे नसलेल्या, निरभ्र रात्री मोजक्याच. आणि त्यांतला निम्मा वेळ, जेथे काहीच नाही अशी खात्री आहे, तेथे पाहण्यात घालवायचा. व्यवहारी माणूस याला उधळपट्टी म्हणेल. परंतु त्या रिकाम्या आकाशाला दिलेल्या अर्ध्या रात्रीवरच उरलेल्या अर्ध्या रात्रीची विश्वासार्हता उभी होती.

लखलखाटाच्या आकारावरून गॅमा किरण आणि विश्वकिरण वेगळे ओळखण्याची युक्ती इंग्लंडचे मायकेल हिलास यांनी १९८५ साली मांडली. तिच्या साह्याने १९८९ साली वीक्स यांच्या गटाने क्रॅब तेजोमेघाचा संकेत प्रसिद्ध केला. तो इतका स्पष्ट होता की योगायोगाची शंकाच उरली नाही. पुढे नामिबियात उभारलेल्या दुर्बिणींच्या समूहाला हेस यांचेच नाव मिळाले. आज असे स्रोत दोनशेहून अधिक माहीत आहेत. आपल्याकडेही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून उटी येथे आणि नंतर सातपुड्यातील पचमढी येथे असेच आरसे मांडून रात्री जागवल्या. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने माउंट अबू येथे दुर्बीण उभी केली. आणि लडाखमधील हानले येथे सुमारे ४३०० मीटर उंचीवर २१ मीटर व्यासाची 'मेस' ही त्यांची भव्य दुर्बीण ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. एवढी शंका बाळगणारा माणूस कशावर विश्वास ठेवणार? सतत 'नाही, अजून नाही' म्हणणाऱ्याची आशा करपून जाणार नाही काय? इतिहास याचे उत्तर उलट देतो. जे उतावळे झाले ते लवकर समाधान पावले. ज्यांनी स्वतःच्या आशेवर सर्वांत कडक पहारा ठेवला, तेच वीस वर्षे त्या जागेवर टिकून राहिले. शंका आणि आशा या एकमेकींच्या वैरिणी नसून, खऱ्या शोधात त्या जोडीने चालतात. ज्याला खरोखर भेट हवी असते, तो दारावरच्या प्रत्येक चाहुलीला पाहुणा म्हणत नाही.

दुसरी गोष्ट चुडाकोव्ह यांच्याविषयी. त्यांनी ज्या क्रॅबकडे पाहून 'दिसले नाही' म्हटले, त्याच क्रॅबमध्ये पुढे किरण सापडले, आणि ते वृत्त त्यांच्या हयातीत आले. मग चुडाकोव्ह चुकले होते काय? मुळीच नाही. 'असेलच तर इतक्यापेक्षा कमी' हे त्यांचे म्हणणे तेव्हा खरे होते आणि आजही खरे आहे. त्यांचा नकार आणि पंचवीस वर्षांनंतरचा होकार यांत विरोध नाही. आपल्या दृष्टीची मर्यादा सांगून दिलेली साक्ष काळाच्या ओघात खोटी पडत नाही. मर्यादा न सांगता दिलेली साक्ष मात्र, मग ती होकाराची असो वा नकाराची, बहुधा खोटी पडते. देवाधर्माविषयी 'आहे' वा 'नाही' असे ठासून बोलणाऱ्या सर्वांनीच हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता अंगणात उतरू. घरातील एखादी वस्तू नाहीशी होते आणि घरकामाला येणाऱ्या बाईवर संशय जातो. ती आली त्या दिवशी काय काय हरवले, हे आपण बोटांवर मोजतो. ती आली नाही त्या दिवसांत काय काय हरवले, हे आपण कधी मोजले आहे काय? आपण एकाच दिशेला टक लावून पाहतो आणि तेथे जे दिसते त्याला पुरावा म्हणतो. रिकाम्या आकाशाला वेळ देण्याची रीत न्यायबुद्धीचाच एक भाग आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याकडे जितक्या बारकाईने पाहिले, तितक्याच बारकाईने स्वतःकडे आणि ज्यांच्यावर मुळीच संशय नाही त्यांच्याकडे पाहिल्यावाचून दोष ठरवणे हा अन्याय होय.

नवसाच्या बाबतीतही हे लागू पडते. फळाला आलेले नवस आपण लक्षात ठेवतो आणि सांगतो. न फळलेले मनातल्या मनात विसरतो. कृतज्ञता ही चांगलीच गोष्ट आहे, आणि श्रद्धा अशा हिशेबावर उभी नसते हेही खरे. पण म्हणूनच तिच्या समर्थनासाठी अर्धा हिशेब पुढे करू नये. ज्यांची प्रार्थना त्यांनी मागितले तसे फळली नाही, तीही माणसे मिस्सेला येऊन आपल्याच बाकावर बसलेली असतात. आपल्या अर्ध्या हिशेबाने त्यांना असे वाटू लागते की कमी पडली ती त्यांचीच श्रद्धा. त्यांच्या मनाला होणारी ही इजा लहान नाही.

परंतु आम्हांला सर्वांत अधिक सलते ती गोष्ट निराळी आहे. गावातल्या एखाद्या संस्थेच्या हिशेबात घोळ असल्याची कुजबूज सुरू होते. ती आठ दिवसांत घरोघरी पोहोचते. मग चौकशी होते, वह्या तपासल्या जातात, पै-पैचा मेळ बसतो. काही सापडत नाही. हे वृत्त घरोघरी कोण पोहोचवतो? कोणीच नाही. 'काही सापडले नाही' यात सांगण्यासारखे काय, असे वाटून आपण गप्प राहतो. आणि तो माणूस जन्मभर अर्धवट संशयाच्या सावलीत वावरतो. येथे न दिसल्याची साक्ष ही कोणाची तरी अब्रू असते. ज्या पावलांनी कुजबूज नेली त्याच पावलांनी तिचे निराकरण पोहोचवणे हे आपले ऋण आहे. ते बहुतेक वेळा फिटत नाही, कारण ते ऋण आहे हेच आपण मानत नाही.

म्हणून आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे आहे. प्रामाणिकपणे शोधून काही न सापडणे हे अपयश नव्हे. न शोधताच सापडल्याचे सांगणे हे अपयश होय, आणि शोधून न सापडल्यावर मौन पाळणे हा दोष होय. ज्यांना आकाशात काही आढळले नाही आणि ज्यांनी ते आपल्या नावानिशी छापले, त्यांच्यामुळे पुढच्यांना कोठे आणि किती खोल पाहावे लागेल ते कळले. त्यांच्या नोंदी कोणी गौरवाने वाचत नाही. पण आज लडाखच्या थंडीत रात्रभर आरसा फिरवणारा एखादा तरुण संशोधक जेव्हा क्रॅबचा किरण टिपतो, तेव्हा त्या यशात क्रिमियातील त्या रिकाम्या रात्रींचाही वाटा असतो. आपल्या बोलण्यात, आपल्या साक्षीत आणि शेजाऱ्याविषयीच्या आपल्या मतात अशा काही रिकाम्या रात्रींना जागा मिळाली, तर आपले थोडे बोलणेही अधिक विश्वासाचे ठरेल.